हार घातलेला साक्षीदार

दिवाळी आली की भिंतीवरचे फोटो खाली उतरतात, ओल्या फडक्याने पुसले जातात आणि झेंडूचे ताजे हार घालून पुन्हा जागेवर चढतात. या रीतीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एका शब्दाबद्दल आणि त्या शब्दाआड दडून बसलेल्या सवयीबद्दल. काचेच्या चौकटीत जे जे बसते त्याला आपण बिनदिक्कत ‘फोटो’ म्हणतो. दत्ताचा फोटो, शिवाजी महाराजांचा फोटो, आजोबांचा फोटो! या तिघांत कॅमेऱ्यासमोर फक्त आजोबा बसले होते, हे आपल्या ध्यानातही येत नाही. महाराज १६८० साली गेले. फोटो काढण्याची विद्या पॅरिसमध्ये जगजाहीर झाली ती १८३९ साली. मधे १५९ वर्षांची दरी आहे, आणि ती आपण एका शब्दाने बुजवून टाकतो.

कोणी म्हणेल, मास्तर, सणासुदीला हा शब्दाचा कीस कशाला? सांगतो. ज्याला हार घातला त्याची उलटतपासणी करायची नसते, हा आपला संस्कार आहे. घरात तो शोभतो. पण हाच संस्कार आपण इतिहासाच्या वर्गात नेला, पाठ्यपुस्तकात नेला आणि शेवटी परीक्षेच्या पेपरात नेऊन बसवला. याला माझा विरोध आहे. इतिहासात फोटो हा देव नव्हे, साक्षीदार आहे. आणि साक्षीदाराला हार घालायचा नसतो, त्याला पिंजऱ्यात उभे करायचे असते.

आपल्या परीक्षा फोटोविषयी मुलांना काय विचारतात पाहा. ‘खालील फोटो ओळखा.’ बस्स! टिळक ओळखले, एक गुण. दांडीयात्रा ओळखली, एक गुण. नाही ओळखले, भोपळा. ही इतिहासाची परीक्षा नव्हे, ही पोलीसचौकीतली ओळखपरेड झाली. हा फोटो कोणी काढला? केव्हा? कुठे उभे राहून? कोणाच्या पदरचे पैसे खर्चून? कोणाला दाखवण्यासाठी? आणि मुख्य म्हणजे, हा फोटो कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही? वीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासतो आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या छापील प्रश्नपत्रिकांत यांतला एकही प्रश्न मला भेटलेला नाही.

मी काही विद्वान नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. मात्र शाळेखेरीज माझा दुसरा धंदा कादंबऱ्या लिहिण्याचा आहे, आणि जे घडले नाही ते घडल्यासारखे कसे दाखवावे, हे त्या धंद्याने मला पुरते शिकवले आहे. अडाणी कादंबरीकार सगळेच खोटे लिहितो, म्हणून तो पकडला जातो. मुरलेला कादंबरीकार खऱ्या वस्तू घेतो. खरा वाडा, खरी विहीर, खरा पाऊस. मग त्या आपल्या सोयीने मांडतो, नको ते चौकटीबाहेर ठेवतो आणि वाचकाचे डोळे हवे तिकडे वळवतो. फोटोग्राफर याहून निराळे काय करतो? फरक इतकाच की माझ्या पुस्तकावर ‘कादंबरी’ असे स्पष्ट छापलेले असते. फोटोवर तसे काही छापलेले नसते.

लांब कशाला, आपल्या मुंबईचेच घ्या. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर त्या आरंभीच्या काळातले नाणावलेले फोटोग्राफर. याच मंडळींतला एक विल्यम जॉन्सन. मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या-जाणाऱ्या नाना जातीजमातींचे दर्शन घडवणारे दोन खंड त्याने १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांत माणसे उघड्यावर, मुंबईच्या देखाव्यांपुढे झोकात उभी आहेत. उभी दिसतात खरी, पण ती तिथे कधी उभीच नव्हती! माणसे वेगळी टिपली, देखावे वेगळे टिपले आणि मग एकावर एक बसवून दिले. आज आठवीतला पोरगा मोबाईलवर जी करामत करून मित्रांत भाव खातो, ती आमच्या मुंबईत दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेली आहे.

मग हे खंड रद्दीत घालावेत? मुळीच नाही. त्या माणसांची पगडी कशी होती, लुगडे कसे नेसले होते, अंगावर दागिने कोणते होते, याला हे फोटो साक्ष आहेत. ती कुठे उभी होती याला साक्ष नाहीत. आणि रयतेची जातवारी लावून साहेबाला ती कपाटात कशी मांडून ठेवायची होती, याला तर त्यांच्याइतका बोलका साक्षीदार दुसरा मिळणे कठीण! खोट्या फोटोतूनही खरे कळते, मात्र विचारणाऱ्याला प्रश्न बरोबर विचारता आला पाहिजे. तो विचारता येतो की नाही, याचीच परीक्षा घ्यायला हवी.

दुसरा फोटो लखनौचा. १८५७ च्या नोव्हेंबरात सिकंदर बागेत इंग्रजी फौजेने सुमारे दोन हजार शिपाई मारले. फेलिचे बियातो नावाचा फोटोग्राफर लखनौला पोचला तो १८५८ च्या मार्च-एप्रिलात. म्हणजे चार-पाच महिने उलटून गेल्यावर. तरीही त्याच्या फोटोत भग्न इमारतीपुढे कवट्या आणि हाडे पसरलेली आहेत, मागे माणसे उभी आहेत आणि खाली कत्तलीनंतरचे दृश्य अशा अर्थाची ओळ आहे. ‘नंतरचे’ हे खरे, पण किती नंतरचे? एका इंग्रज अधिकाऱ्याने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले की झाकून टाकलेले अवशेष या फोटोग्राफरने हट्ट धरून उघडे करवून घेतले. कत्तल झाली, यात तिळमात्र शंका नाही. परंतु त्या अंगणाची ती मांडणी ही लढाईने केलेली नाही, कॅमेऱ्यासाठी केलेली आहे. विलायतेतल्या गिऱ्हाइकाला सूड उगवल्याचे समाधान हवे होते आणि ते त्याला काचेवर उतरवून मिळाले. हे सारे त्या फोटोत आहे. ‘ओळखा’ या प्रश्नाच्या उत्तरात त्यातले काहीएक येत नाही.

कधी कधी तर कोणी लबाडी केलेली नसते आणि तरी फोटो चकवतो. दागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका रस्त्याचे चित्र खिडकीतून टिपले. रस्ता ओस पडलेला दिसतो. कोपऱ्यात बुटाला पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा आहे. वास्तविक तो रस्ता गाड्याघोड्यांनी गजबजलेला होता. पण त्या काळी काचेवर चित्र उमटायला, त्याच्या बाबतीत धातूच्या पत्र्यावर, मिनिटेच्या मिनिटे लागत. जे हलले ते उमटले नाही. एक पाय पुढे करून स्थिर उभा राहिला म्हणून तो एकटा गृहस्थ इतिहासात अमर झाला. हा फोटो वर्गात दाखवून ‘रस्त्यावर गर्दी होती का?’ असे विचारा. सगळा वर्ग एका सुरात ‘नाही’ म्हणेल. आपल्या आजच्या परीक्षेत त्या सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण मिळतील!

हे दुखणे आपल्याच मुलांचे आहे असे समजू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इतिहासशिक्षणाच्या अभ्यासकांनी २०१६ साली आपल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी माध्यमिक शाळेतल्या १७० मुलांपुढे एक फोटो ठेवला होता. फोटोत डेझीची वेडीवाकडी, जोडून उगवलेली फुले होती. २०११ साली जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुकेंद्रात जो अपघात झाला त्याचा हा परिणाम, असे कोणा अनामिकाने त्याबरोबर लिहिले होते. तिथल्या परिस्थितीचा हा भक्कम पुरावा आहे काय, असे मुलांना विचारले. फोटो कोणी टाकला, तो तिथलाच आहे कशावरून, ही शंका नीट मांडणारी मुले पाचांत एकाहूनही कमी निघाली. शंभरांतली जवळजवळ चाळीस म्हणाली, भक्कम पुरावा आहे, फोटोच आहे ना! आणि खरी गंमत पुढेच आहे. सुमारे पाव मुलांनी पुरावा कच्चा ठरवला, पण का? तर त्यात नुसती फुले आहेत, इतर झाडे आणि प्राणी नाहीत म्हणून! निकाल बरोबर, कारण साफ चुकीचे. आपल्या पद्धतीने ‘होय की नाही’ एवढेच विचारले असते तर ही मुले उत्तीर्ण झाली असती. म्हणून मी म्हणतो, फोटोची पारख तपासायची तर निकालाला गुण देऊ नका, कारणाला द्या.

आता मुलांना शंका घ्यायला शिकवा म्हटले की काही उत्साही मंडळी दुसऱ्या टोकाला धावतात. ‘फोटो मांडून काढलेला आहे ना? मग खोटा!’ हा आळशाचा संशय. तो भोळ्याच्या विश्वासाइतकाच निकामी आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ घ्या. आपल्याकडे सोलापूर-नगरकडची माणसे त्यात होरपळली; मद्रास इलाख्यात तर लाखो माणसे मेली. तिथल्या फौजेतला अधिकारी विलोबी वॉलेस हूपर याने दुष्काळग्रस्तांचे फोटो काढले. हाडांचे सापळे झालेली माणसे आणि पोरे, ओळीने बसवलेली, कोणी उभी केलेली, जणू लग्नाचा ग्रूप फोटो! हा मनुष्य असा की पुढे १८८६ साली ब्रह्मदेशात कैद्यांना गोळ्या घालताना नेमका क्षण टिपता यावा म्हणून हुकूम लांबवल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि त्याची चौकशी झाली. अशा माणसाने मांडून काढलेले हे फोटो. खोटे म्हणायचे का? त्या ओळी हूपरने लावल्या, पण त्या बरगड्या काही हूपरने वर काढल्या नाहीत. मांडणी फोटोग्राफरची आहे, भूक मात्र त्या माणसांची स्वतःची आहे. जो मुलगा ‘मांडलेला, सबब खोटा’ असे लिहून मोकळा होतो, त्याने त्या उपाशी माणसांना दुसऱ्यांदा उपाशी मारले, असे मी समजतो.

नुसती टीका करणे सोपे. म्हणून मी काय करतो तेही सांगतो. नववीच्या वर्गासाठी मी एक प्रश्न तयार केला. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. १८९७ च्या मार्चात जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती बसली. तिच्या कामाचे फोटो आज पाहायला मिळतात. त्यांपैकी इस्पितळाचा एक फोटो मी मुलांना दिला. सरळ रांगेत खाटा, खाटांवर रोगी, बाजूला डॉक्टर आणि नर्सबाई, आणि बहुतेकांची नजर कॅमेऱ्याकडे. खाली साल, ठिकाण आणि ‘प्लेग समितीच्या कामाचा फोटो’ एवढी माहिती लिहिली. मग विचारले: ‘प्लेगमध्ये सरकारने लोकांची उत्तम काळजी घेतली, असे एक गृहस्थ या फोटोवरून म्हणतात. हा फोटो त्यांना किती आधार देतो? कारणे द्या. गुण पाच.’

उत्तरे तीन जातींची आली. पहिली जात म्हणाली, पूर्ण आधार देतो, खाटा स्वच्छ आहेत आणि नर्सबाई हजर आहेत. दुसरी म्हणाली, काहीच आधार देत नाही, फोटो इंग्रजांचा आहे आणि इंग्रज लबाड होते. दुसऱ्या जातीच्या मुलांना वाटले होते, मास्तर पाठ थोपटतील. मी दोन्ही जातींना पाचांपैकी एकेक गुण दिला. तिसऱ्या जातीची उत्तरे थोडी होती. त्यांत एका मुलीने लिहिले होते, ‘इस्पितळ कसे होते ते फोटो सांगतो. माणसाला इस्पितळात कसे आणले ते फोटो सांगत नाही. समितीने आपल्या कामाचा चांगला भागच दाखवला असेल. ते कळायला मी त्या वेळची मराठी वर्तमानपत्रे बघीन.’ चारच वाक्ये! घरात शिरून होणारे तपास, रोग्यांना ओढून नेणे, सामान जाळणे, याविरुद्ध ‘केसरी’ने तेव्हा आवाज उठवला होता, पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली ती याच संतापातून. यातले काहीही त्या मुलीला ठाऊक नव्हते. पण ते कुठे सापडेल, हे तिने नेमके ओळखले होते. मी तिला पाचांपैकी पाच दिले. एका सहकाऱ्याने विचारले, ‘तिने एकही सनावळी लिहिली नाही, पाच कसे दिलेत?’ मी म्हटले, सनावळ्या पुस्तकात छापलेल्या आहेत, हे उत्तर कुठे छापलेले आहे ते दाखवा.

या सूचनेवर जे आक्षेप घेतले जातात ते मी पुष्कळदा ऐकले आहेत. एकेकाचा समाचार घेतो.

पहिला आक्षेप असा की अशा उत्तरांना गुण देताना ज्याच्या त्याच्या मर्जीचा कारभार होईल. होणार नाही. पाच गुणांचे पाच कप्पे करा. फोटो कोणी, केव्हा, कशासाठी काढला याचा विचार केला, एक गुण. प्रसंग आणि फोटो यांत किती काळ गेला हे पाहिले, एक गुण. फोटोत खरोखर काय दिसते ते आपल्या मनचे न घालता सांगितले, एक. चौकटीत काय नाही ते सांगितले, एक. आणि खात्री करण्यासाठी आणखी कोणता पुरावा शोधाल ते सांगितले, एक. भाजीच्या फोडणीसारखा ठरलेला क्रम आहे. निबंधाला आपण वर्षानुवर्षे गुण देतो, त्याची तरी दुसरी काय मोजपट्टी आहे?

दुसरा आक्षेप वेळेचा. साठ-साठ पोरांच्या वर्गात हे लाड कोण करणार? महिन्याला एक फोटो आणि अर्धा तास, एवढेच माझे मागणे आहे. वर्षाला दहा फोटो झाले. ‘ओळखा’ म्हणून शंभर फोटो पाठ करून घेण्यापेक्षा हा वेळ कमीच.

तिसरा आक्षेप मोठ्या माणसांचा. ‘मुलांना कळत नाही म्हणून ती फसतात; शिकल्या-सवरल्या माणसाला फोटो पाहताक्षणी कळतो.’ असे का? इंग्लंडात कॉटिंग्ली नावाच्या खेड्यात १९१७ साली दोन मावसबहिणींनी, एक सोळा वर्षांची आणि दुसरी नऊ, आपले पऱ्यांबरोबरचे फोटो काढले. पऱ्या कागदाच्या होत्या आणि टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या. त्यांवर विश्वास ठेवून मासिकात लेख लिहिला कोणी? सर आर्थर कॉनन डॉयल यांनी, प्रत्यक्ष शेरलॉक होम्सच्या जनकाने! त्या बहिणींनी खरे काय ते सांगितले १९८३ साली, म्हाताऱ्या झाल्यावर. तेव्हा शिक्षणाचा आणि फोटो पारखण्याचा संबंध आपोआप जुळतो, या भ्रमात कोणी राहू नये. घराघरांतल्या मोबाईलवर झाशीच्या राणीचा म्हणून एक फोटो सुखेनैव फिरत असतो. त्याचा अस्सलपणा सिद्ध झालेला नाही, तरी तो पुढे धाडणाऱ्यांत पदवीधरांची वाण नसते. आता तर यंत्राला चार ओळी लिहून दिल्या की न भरलेल्या सभेचा आणि न भेटलेल्या दोन पुढाऱ्यांचा फोटो क्षणात हजर होतो.

चौथा आक्षेप मनाला लागणारा आहे. ‘मास्तर, मुलांना संशय शिकवाल तर श्रद्धा उरणार नाही. आज फोटोवर शंका, उद्या पराक्रमावर शंका!’ यावर माझे उत्तर असे की संशय मुलांना आधीच आलेला आहे, तो मी शिकवायला नको. यंत्रात बनवलेले फोटो पाहून पाहून आजची मुले सरसकट म्हणू लागली आहेत, ‘सर, हल्ली सगळे फोटो खोटेच असतात.’ हे वाक्य ऐकून मला भोळ्या विश्वासापेक्षा जास्त भीती वाटते. कारण सगळेच खोटे ठरले की ज्याने गुन्हा केला त्याची सोय होते. तो ऐटीत सांगतो, तुमचा पुरावाही बनावटच! पराक्रमाला तपासणीचे भय नसते. १६ डिसेंबर १९७१ चा ढाक्याचा फोटो पाहा. टेबल मुद्दाम मांडलेले, कागद तयार ठेवलेला, नियाझी सही करीत आहेत, शेजारी जनरल अरोरा आणि मागे सगळे उभे. आळशी संशयाच्या हिशेबाने हाही मांडलेला फोटो. पण त्याच्या पाठीशी सही झालेला तो दस्तऐवज आहे, हालती चित्रे आहेत, दोन्ही बाजूंच्या माणसांच्या आठवणी आहेत, ९३ हजार युद्धकैदी आहेत. असा गोतावळा असलेल्या साक्षीदाराला कोणता वकील हलवणार? मुलांना हा गोतावळा शोधायला शिकवा, श्रद्धा जागच्या जागी राहील आणि पायाही पक्का होईल.

शेवटचे उदाहरण सणाच्या दिवशी द्यावे की नाही, याचा मी विचार केला आणि द्यावेच असे ठरवले. ऑगस्ट १९४४. ऑशविट्झच्या छावणीत नाझी ज्यूंना विषारी वायूने मारीत होते आणि प्रेते जाळण्याच्या कामाला ज्यू कैद्यांनाच जुंपत होते. त्या कैद्यांपैकी काहींनी चोरून एक कॅमेरा मिळवला आणि जिवावर उदार होऊन चार फोटो टिपले. दातांच्या पेस्टच्या नळीत लपवून ती फिल्म छावणीबाहेर गेली. फोटो म्हणून पाहाल तर चारही बिघडलेले. वाकडे, अस्पष्ट, एकात तर झाडांच्या शेंड्यांपलीकडे जवळजवळ काही नाही. दोन फोटोंच्या कडेला मोठी काळी पट्टी आहे. पुढे कित्येकांनी छापताना ती काळी कड ‘नको’ म्हणून कापून टाकली. अहो, ती काळी कड म्हणजे दाराची चौकट होती! फोटो काढणारा ज्या इमारतीत माणसे मारली जात तिच्याच दाराआड लपून उभा होता, हे सांगणारा पुरावा तोच होता. ‘चित्र स्वच्छ हवे’ या हौशीपायी साक्षीदाराची अर्धी जबानी कापली गेली.

जगात आजही असे लोक आहेत की जे म्हणतात, ते हत्याकांड झालेच नाही, फोटो बनावट आहेत. त्यांच्यापुढे आपले मूल उद्या उभे राहणार आहे. आणि त्या हत्याकांडाविषयीच असे नव्हे, आपल्याच देशातल्या, आपल्याच गावातल्या कसल्याही अन्यायाविषयी. ‘फोटो आहे, म्हणून खरे’ एवढीच शिदोरी त्याला दिली असेल तर पहिला बनावट फोटो त्याला लोळवील. ‘फोटो काय, सगळे खोटेच’ ही दिली असेल तर ते त्या चार फोटोंकडेही पाठ फिरवील. ‘हा काढणारा कुठे उभा होता?’ हा एक प्रश्न मात्र त्याला विचारता आला, तर त्या काळ्या कडेतला माणूस त्याला दिसेल.

म्हणून परीक्षा घेणाऱ्या मंडळींपुढे माझी मागणी साधी आहे. एका गुणाचे ‘फोटो ओळखा’ प्रश्नपत्रिकेतून काढा आणि पाच गुणांचे ‘फोटो तपासा’ घाला. फोटोखाली साल, ठिकाण आणि काढणाऱ्याचे नाव छापल्याशिवाय तो पाठ्यपुस्तकात घेऊ नका. नाव माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असे छापा, त्यात लाज नाही. चित्राला चित्र म्हणा आणि फोटोला फोटो. धुरंधरांनी रंगवलेला शिवराज्याभिषेक हे थोर चित्र आहे, पण १६७४ नंतर दोनशेहून अधिक वर्षांनी काढलेले चित्र आहे, हे मुलाला त्या चित्राखालीच वाचायला मिळू द्या. शिक्षकांना सांगणे एवढेच, की मुलाने शंका विचारली तर ‘पुस्तकात आहे ना?’ म्हणून त्याला खाली बसवू नका.

आणि वाचकहो, तुमच्याकडे मागणे त्याहूनही लहान आहे. या चार दिवसांत घरात आजी आहे, आत्या आहे, काका आले आहेत. जुन्या ट्रंकेतला अल्बम काढा. पिवळ्या पडलेल्या त्या फोटोंत कोण आहे, कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणी काढला आणि कोण त्या दिवशी रुसून फोटोत आले नाही, हे सारे त्यांना विचारा आणि पोरांच्या हातून शिसपेन्सिलीने मागच्या बाजूला हलक्या हाताने लिहवून घ्या. आजी एक सांगेल, काका दुसरे सांगतील, दोघांचे भांडण होईल. होऊ द्या, आणि पोराला विचारा, ‘आता यात खरे कोणाचे, आणि ते कशावरून ठरवशील?’ ज्या दिवशी हा प्रश्न बोर्डाच्या पेपरात येईल, त्या दिवशी ते पोर घाबरणार नाही.